घाटमाथ्यापासून बागायतीपर्यंत : जुन्नर-आंबेगावचा डोंगरउतार

सह्याद्रीचा कडा कोकणच्या अंगाला सरळ तुटलेला आहे. पूर्वेकडे मात्र तो डोंगराचे फाटे सोडत हळूहळू देशावर उतरतो. जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके या उतारावर आहेत. काळ्या बेसॉल्टच्या फाट्यांमधून कुकडी, मीना, घोड यांची खोरी पसरली आहेत आणि त्यांचे पाणी शेवटी भीमेला मिळते.

घाटमाथ्यापासून गाव किती लांब, यावर इथले पीक ठरते. माळशेज, नाणेघाट, आहुपे या बाजूला पावसाचा जोर मोठा. तिथे भात, नाचणी, वरई. भाताच्या रोपांसाठी उन्हाळ्यात शेण-पालापाचोळा पसरून राब भाजतात आणि पाऊस लागला की चिखल करून आवणी होते. मात्र कातळउतारावर पाणी थांबत नाही, त्यामुळे धो धो पावसाच्या याच गावांना उन्हाळ्यात टंचाई सोसावी लागते. इथल्या महादेव कोळी आदिवासी कुटुंबांच्या हाती रोख पैसा येतो तो मुख्यतः बाळहिरड्यातून. हिरड्याची ही कोवळी फळे उतरवून अंगणात पसरतात. ती काळी पडून सुरकुतली की औषधाच्या व्यापाऱ्यांकडे जातात. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे उन्मळली. हे नुकसान एका हंगामाचे नव्हते, कारण नवे झाड फळाला यायला कित्येक वर्षे लागतात.

डिंगोरे हे गाव घाटमाथा आणि पूर्वेची बागायती या दोन टोकांच्या मधोमध, ओतूरहून माळशेजकडे जाणाऱ्या कल्याण-नगर रस्त्यावर आहे. घाटवाटेचा व्यापार या भागाला नवा नाही. सातवाहनकाळात जुन्नरचा माल नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांकडे उतरत असे. आता भाजीपाल्याच्या गाड्या माळशेज उतरून कल्याण-मुंबई गाठतात.

पूर्वेचे चित्र बदलले ते कुकडी प्रकल्पाने. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगा ही त्याची पाच धरणे. ओतूरचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो, द्राक्षबागा आणि विघ्नहर कारखान्याचा ऊस या पाण्याच्या भरवशावर उभे राहिले. उसाच्या दाट फडांत बिबट्यानेही मुक्काम ठोकला. कालवे पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातात. धरणांखाली जमिनी गेल्या त्या प्रामुख्याने वरच्या गावांच्या. ज्याच्यावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगावही डिंभ्याच्या पाण्यात आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना कालव्याचे पाणी उताराने मिळूच शकत नाही. त्यांच्यासाठी उपसा योजना हाच मार्ग उरतो आणि पाण्यावर त्यांचा हक्क पहिला आहे.