टीव्हीच्या जाहिरातीसाठी फाइल कोणती द्यावी?
रमजानमध्ये मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी आवाहन करणारी २० सेकंदांची जाहिरात आम्ही चॅनलला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. ती परत आली, ऐन रमजानचा आठवडा वाया गेला.

कारण साधं होतं. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, चित्र खराब होतं. शिवाय आपल्याकडे टीव्ही सेकंदाला २५ फ्रेमवर चालतो, मोबाइल बहुधा ३० वर शूट करतो. नंतर बदललं तर हालचाल अडखळते. म्हणून शूटिंगलाच २५ ठेवा.

एचडी चॅनलसाठी चित्र १९२० बाय १०८०, आवाज ४८ किलोहर्ट्झ. एमपी४ यूट्यूबला चालते. चॅनलवाले सहसा एक्सडीकॅमची एमएक्सएफ किंवा प्रोरेसची एमओव्ही मागतात. एडिटिंगआधीच त्यांच्याकडून हे लेखी घ्या. जाहिरातीचा पैसा लोकांची अमानत आहे, तो दोनदा खर्च व्हायला नको.