विश्लेषण : कॉलेज वांद्र्याचे, मग पदवी मुंबई विद्यापीठाची कशी?

वर्ग कॉलेजचे, प्राध्यापक कॉलेजचे, फीही कॉलेजातच भरायची. पण पदवी प्रमाणपत्रावर नाव मुंबई विद्यापीठाचे. वांद्र्यातल्या कॉलेजांत शिकणारे अनेक विद्यार्थी कलिनाच्या संकुलात पदवी मिळेपर्यंत एकदाही पाऊल ठेवत नाहीत, तरीही ते मुंबई विद्यापीठाचेच विद्यार्थी असतात. आता शहरातील एकेक कॉलेज स्वायत्त होत असताना हे नाते बदलते आहे. ते मुळात जुळले कसे आणि बदलले तर विद्यार्थ्यांना काय फरक पडेल?

विद्यापीठाची स्थापना कशासाठी झाली?

शिकवण्यासाठी नव्हे, परीक्षा घेण्यासाठी. ईस्ट इंडिया कंपनीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांनी १८५४ मध्ये पाठवलेल्या खलित्यात हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापण्याची शिफारस होती. त्यानुसार १८५७ मध्ये जानेवारीत कलकत्ता, १८ जुलैला मुंबई आणि सप्टेंबरमध्ये मद्रास विद्यापीठ अस्तित्वात आले. तिघांसमोर नमुना होता तेव्हाच्या लंडन विद्यापीठाचा. हे विद्यापीठ स्वतः वर्ग भरवत नसे. कॉलेजांनी शिकवायचे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशी ही विभागणी होती.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेज विद्यापीठाच्या आधीपासून होते. १८६२ च्या बीएच्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. ते शिकले एल्फिन्स्टनमध्ये, पदवी मिळाली विद्यापीठाची. पुढे याच भांडारकरांनी या विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषवले.

फोर्टमधल्या इमारती पाहिल्या तरी हे लक्षात येते. १८७४ मध्ये पूर्ण झाला तो दीक्षान्त सभागृह आणि १८७८ मध्ये ग्रंथालय व त्यावरचा राजाबाई टॉवर. ग्रंथालय आणि टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी चार लाख रुपये दिले होते. पदवी देण्याची जागा होती, पुस्तकांची जागा होती. वर्गखोल्यांची गरजच नव्हती.

मग विद्यापीठ शिकवू कधी लागले?

१९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची मुभा दिली. मुंबईत त्याला आणखी दीड दशक लागले. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख होते स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस आणि त्यांच्यानंतर आले गोविंद सदाशिव घुर्ये. १९२१ मध्ये अर्थशास्त्र आणि १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे ‘यूडीसीटी’, सुरू झाला. माटुंग्याची ही संस्था आज ‘आयसीटी’ या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे.

फोर्टची जागा अपुरी पडू लागल्यावर कलिन्याला सुमारे २३० एकरांवर ‘विद्यानगरी’ संकुल उभे राहिले. १९७० च्या दशकात बहुतेक पदव्युत्तर विभाग तिथे गेले. आज त्याच्या शेजारी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती दिसतात. संशोधन आणि एमए, एमएस्सीचे वर्ग इथे भरतात. पदवीचे शिक्षण मात्र आजही प्रामुख्याने संलग्न कॉलेजांतच होते.

वांद्र्याची कॉलेजे विद्यापीठाशी कशी जोडली गेली?

सुरुवातीला विद्यापीठाचा पसारा अवाढव्य होता. कराची, अहमदाबाद, पुणे आणि धारवाड या सगळ्या शहरांतली कॉलेजे मुंबईला जोडलेली होती. १९४७ मध्ये सिंधचे विद्यापीठ वेगळे झाले. पुणे, गुजरात आणि कर्नाटक विद्यापीठे १९४९ च्या सुमारास उभी राहिली. महामहोपाध्याय पां. वा. काणे १९४७ ते १९४९ या काळात कुलगुरू होते. विद्यापीठाचा नकाशा आक्रसला तो साधारण त्यांच्याच काळात. १९५३ च्या कायद्याने तर कार्यक्षेत्र बृहन्मुंबईपुरतेच उरले.

लिंकिंग रोडवरच्या नॅशनल कॉलेजची मुळे याच घडामोडीत आहेत. फाळणीपूर्वी सिंधमधल्या हैदराबादेत नॅशनल कॉलेज होते. फाळणीनंतर तिथले प्राचार्य के. एम. कुंदनानी मुंबईत आले. त्यांनी आणि बॅरिस्टर एच. जी. अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्यात कॉलेज उभे केले. गाव सुटले, देश बदलला, पण विद्यापीठ ओळखीचेच मिळाले.

पुढे वांद्र्यात कॉलेजांची भर पडत गेली. वांद्रे पूर्वेला शासकीय वसाहतीत चेतना, पश्चिमेला सेंट अॅण्ड्र्यूज, बँडस्टँडला फादर अॅग्नेलचे इंजिनीअरिंग कॉलेज, १९८३ मध्ये थडोमल शहानी. दरम्यान विद्यापीठाचे कार्यक्षेत्रही पुन्हा वाढले. आज त्यात मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सात जिल्हे येतात. १९९६ मध्ये ‘बॉम्बे’ जाऊन अधिकृत नावही ‘मुंबई विद्यापीठ’ झाले.

एकच परीक्षा असण्याचा फायदा काय?

समान मोजपट्टी. बीए, बीकॉमसारख्या अभ्यासक्रमांत पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा साधारणपणे कॉलेजच विद्यापीठाच्या वतीने घेते. पण शेवटच्या वर्षाचा पेपर विद्यापीठ काढते. वांद्र्यातली विद्यार्थिनी आणि सावंतवाडीतला विद्यार्थी तोच पेपर सोडवतात आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला दोघांचीही नावे कळत नाहीत. मोठ्या नावाच्या कॉलेजात प्रवेश न मिळालेल्या मुलाला आपली कुवत सिद्ध करण्याची ही हक्काची जागा आहे.

मग अडचण कुठे आली?

याच मोजपट्टीच्या आकारात. लाखो उत्तरपत्रिका एकाच यंत्रणेतून जात असतील, तर यंत्रणा अडकली की सगळेच अडकतात. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांत नेमके हेच झाले. पुरेशी पूर्वतयारी न करता सर्व उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याचा निर्णय झाला. ४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. स्कॅनिंग रखडले, प्राध्यापकांना लॉगिन होताना अडचणी आल्या, काही उत्तरपत्रिका सापडेनात.

कायद्यानुसार परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत आणि उशिरात उशिरा ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. परदेशात किंवा दुसऱ्या विद्यापीठात पुढील प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांच्या हातात गुणपत्रिकाच नव्हती. ऑक्टोबरमध्ये तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आले. परीक्षा घेण्यासाठीच जन्मलेले विद्यापीठ परीक्षेच्याच कामात अडखळले होते.

स्वायत्तता मिळाली की काय बदलते?

विद्यापीठ अनुदान आयोगाने स्वायत्त दर्जा दिला की कॉलेज स्वतः अभ्यासक्रम ठरवते, पेपर काढते, निकाल लावते आणि गुणपत्रिका देते. पदवी मात्र विद्यापीठाचीच राहते. तिच्यावर कॉलेजचे नावही येते. मुंबईत सेंट झेवियर्सला २०१० मध्ये हा दर्जा मिळाला. आता फादर अॅग्नेल आणि चेतनासह वांद्र्यातली काही कॉलेजेही त्या वाटेने गेली आहेत.

काही संस्था तर त्याहून पुढे गेल्या. एल्फिन्स्टन कॉलेज आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. म्हणजे ज्या कॉलेजने मुंबई विद्यापीठाला पहिले पदवीधर दिले, ते आज मुंबई विद्यापीठात नाही.

फायदा कोणाचा, तोटा कोणाचा?

निकाल लवकर लागतो आणि अभ्यासक्रम पटकन बदलता येतो, हा फायदा खरा आहे. इंजिनीअरिंगसारख्या क्षेत्रात जुना अभ्यासक्रम वर्षानुवर्षे ओढत बसणे परवडणारे नसते. पण जो शिकवतो तोच पेपर काढतो, तोच तपासतो. त्यामुळे वेगवेगळ्या कॉलेजांच्या गुणांची तुलना अवघड होते आणि नोकरी देणारा गुणांऐवजी कॉलेजच्या नावाकडे पाहू लागतो. नामांकित कॉलेजांना त्याची झळ बसत नाही. ती बसते छोट्या कॉलेजातल्या हुशार मुलांना. शिवाय चांगली कॉलेजे एकामागून एक स्वायत्त झाली, तर विद्यापीठाच्या सामाईक परीक्षेत उरतील ती प्रामुख्याने साधनांची चणचण असलेली कॉलेजे.

प्रवेश घेताना काय तपासावे?

कॉलेज संलग्न आहे, स्वायत्त आहे की दुसऱ्याच विद्यापीठाचे घटक आहे, हे आधी विचारावे. स्वायत्त असेल तर दर्जा किती वर्षांसाठी मिळाला आहे, मागील निकाल किती दिवसांत लागले आणि पुनर्मूल्यांकनाचे नियम काय आहेत, हे पाहावे. मध्येच कॉलेज बदलायचे झाल्यास क्रेडिट दुसरीकडे धरले जातील का, याचेही उत्तर मिळवावे. पदवीवर विद्यापीठाचे नाव तेच असले, तरी तिच्यामागची परीक्षा आता प्रत्येक कॉलेजागणिक वेगळी असू शकते.