बहिणीला शोधायचं तर कोणत्या नावानं?

हवामान बिघडलेल्या भविष्यावरच्या कादंबऱ्या वाचायला लागलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते. पूर, वणवे, पाणीटंचाई हे सगळं मागे असतं आणि पुढे असतो कुणाचा तरी शोध. कॅसांड्रा माँटॅगच्या 'आफ्टर द फ्लड' (२०१९) मध्ये बुडालेल्या जगात एक आई होडीतून आपल्या मुलीला शोधत फिरते. प्रयाग अकबरच्या 'लैला' (२०१७) मध्येही आईच मुलीच्या मागावर आहे. पण ताटातूट झालेल्या दोन बहिणींनी मोठेपणी एकमेकींना शोधायचं ठरवलं तर? माझ्या मते ही कथा लिहायला जास्त अवघड आहे, आणि अडचण वादळाची नाही, नावाची आहे.

ही अडचण सगळ्यात नेमकी पकडली ऑक्टेव्हिया बटलरनं. तिच्या 'पॅरेबल ऑफ द सोअर' (१९९३) या कादंबरीची सुरुवात २०२४ सालच्या कॅलिफोर्नियात होते. पाऊस नाही, पाणी पेट्रोलपेक्षा महाग, माणसं हायवेवरून चालत उत्तरेकडे निघालेली. पुढच्या भागात, म्हणजे 'पॅरेबल ऑफ द टॅलेंट्स' (१९९८) मध्ये, नायिकेची तान्ही मुलगी हिरावून घेतली जाते आणि दुसऱ्या घरात वाढवली जाते. आई शोधत राहते 'लार्किन'ला. मुलगी मात्र 'आशा व्हेर' या नावानं मोठी होते. वर्षानुवर्षं शोध चालू असतो, पण त्या नावाची मुलगी जगात उरलेलीच नसते. मूल उचलून नेणारी संघटना धर्माचं, आणि तेही ख्रिस्ताचं, नाव लावणारी आहे. कॅथलिक वाचक म्हणून ती पानं मला फार टोचली, पण बटलरनं तिथं सूट दिलेली नाही हेच बरं.

आता आपल्याकडे या. नाव बदलायला आपल्याला अपहरण लागत नाही, लग्न पुरतं. मधलं नाव वडिलांचं असतं ते नवऱ्याचं होतं, आडनाव जातं, आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून पहिलं नावही बदलतात. तीनपैकी तीन शब्द नवे! भावाचा एकही बदलत नाही. म्हणजे यादी हातात घेऊन भाऊ शोधता येतो, बहीण नाही. बरं, लहानपणी आपण तिला ज्या नावानं हाक मारली ते ताई, अक्का, बाय असंच काहीतरी असतं. छावणीच्या रजिस्टरात 'अक्का' कोण लिहून घेणार?

तुम्ही म्हणाल, आता आधार नंबर आहे, मोबाईल आहे. पण बहिणीचा आधार नंबर किती जणांना पाठ असतो? आणि असला तरी त्यावरून दुसऱ्याचा पत्ता आपल्याला कुणी देत नाही. मोबाईल नंबर तर आपण स्वतःचाही जेमतेम लक्षात ठेवतो. फोन पाण्यात गेला की सगळे नंबर त्याच्याबरोबर गेले.

अमेरिकेसारख्या देशात २००५ साली कतरिना वादळानंतर काय झालं ते बघण्यासारखं आहे. लोकांना बसमध्ये आणि विमानात बसवून वेगवेगळ्या राज्यांत नेलं, आणि आपण कुठं चाललोय हे अनेकांना ठाऊकही नव्हतं. आईवडिलांपासून तुटलेल्या किंवा बेपत्ता मुलांची नोंद झाली ५,१९२. त्यातल्या शेवटच्या मुलाची घरच्यांशी गाठ पडायला सहा महिने लागले. वीज, संगणक, पैसा सगळं असताना सहा महिने. कारण साधं होतं. माणसं हलवणारे वेगळे, याद्या करणारे वेगळे.

याच्या उलट उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. ते हवामानाचं नाही, युद्धाचं आहे, पण शोध कसा चालतो हे त्याच्याइतकं दुसरं कुठलं शिकवत नाही. १९५० ते १९५३ च्या युद्धात तुटलेल्या कुटुंबांसाठी केबीएस वाहिनीनं ३० जून १९८३ ला एक थेट कार्यक्रम सुरू केला. एका रात्रीत संपायचा तो १३८ दिवस चालला, एकूण ४५३ तास. दहा हजारांहून जास्त कुटुंबांची भेट झाली. २०१५ मध्ये युनेस्कोनं त्या ध्वनिचित्रफिती जागतिक स्मृतीच्या यादीत घेतल्या.

गंमत बघा, कोरियात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. तरीही नावानं भागलं नाही. चार-पाच वर्षांचं पोर हरवलं तर त्याला स्वतःचं पूर्ण नाव कुठं माहीत असतं? अनाथाश्रमात जे मिळालं ते नाव, अंदाजानं लिहिलेली जन्मतारीख. म्हणून लोकांनी पाट्यांवर दुसरंच लिहिलं: अंगावरचा व्रण, गावची खूण, घरात मारायची हाक, शेवटचं एकमेकांना कुठं पाहिलं ते. पडद्यावरच्या दोन अनोळखी बायका एकमेकींना प्रश्न विचारायच्या आणि उत्तरं जुळत गेली की रडू फुटायचं. सरकारी कागदाला ज्याची किंमत नाही, ती आठवणच तिथं पुरावा झाली.

पण युद्ध किंवा वादळ ही एका रात्रीची ताटातूट. दुष्काळाची ताटातूट सावकाश होते, म्हणून ती दिसत नाही. आमच्या बेळगाव भागातल्या उसाच्या फडांवर बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं 'कोयता' म्हणतात. कुठला कोयता कुठल्या कारखान्यावर जाणार हे उचल देणारा मुकादम ठरवतो. एका घरच्या दोन बहिणी दोन मुकादमांच्या टोळ्यांत लग्न होऊन गेल्या की एक बेळगावला, दुसरी कोल्हापूर-सांगलीकडे. सहा महिने पालावर, सहा महिने सासरी. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालात हवामानामुळे २०५० पर्यंत २१.६ कोटी लोकांना आपापल्या देशातच स्थलांतर करावं लागेल असा वरचा अंदाज आहे. त्यातलं बरंचसं असंच असणार, बातमी न होता एकेक जण निघून जाणारं.

मग धागा कुठं उरतो? एक जागा मला आमच्या चर्चच्या कपाटात सापडते. कॅथलिक नियमानुसार मुलीचं लग्न कुठल्याही पॅरिशमध्ये झालं तरी तिथल्या फादरनी तिच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं असतं, आणि मूळ नोंदीशेजारी शेरा पडतो: कोणाशी, कुठं, कधी. मठात जाऊन कायमचं व्रत घेतलं तरी तसंच. (जुन्या काळी सिस्टर होणाऱ्या बहिणीचंही नाव बदलायचं!) म्हणजे मुलगी नाव सोडून गेली तरी तिची जन्मनोंद तिच्या मागावर असते. अर्थात हे फक्त कॅथलिकांपुरतं, आणि कळवायचं राहून गेलं की शेरा कोराच. शिवाय ती वही कागदाचीच. पॅरिश पुरात गेली तर समासही गेला.

दुसरी जागा गोव्यात सांगे तालुक्यात आहे. कुर्डी गाव १९८० च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं वाडे, वाळकिणी अशा पुनर्वसन वसाहतींत विखुरली. मात्र उन्हाळ्यात पाणी उतरतं आणि मे महिन्यात गाव वर येतं. घरांची जोती दिसतात, सोमेश्वराचं देऊळ दिसतं. तेव्हा देवळाचा उत्सव होतो, ख्रिस्ती लोक चॅपेलच्या फेस्ताला जमतात. लग्न करून गेलेल्या बायकाही येतात. तिथं कुणाला कुणाचं नवं आडनाव माहीत असायची गरज नाही, कुठल्या घरची एवढं सांगितलं की पुरे.

बहिणींची कथा मी लिहिली तर दोघींनी आधीच ठरवलेली अशी एखादी जागा आणि दिवस त्यात ठेवीन. आता प्रश्न एवढाच की मे महिन्यातच पाऊस लागला आणि धरण उतरलंच नाही, तर त्या वर्षी दोघी कुठल्या काठावर उभ्या राहतील?