सहीपुरते विश्वस्त

दादाच्या शाळेच्या ऑफिसात संस्थापकांच्या आणि माजी विश्वस्तांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. दोन डॉक्टर, वकील, अडते, निवृत्त मामलेदार, मुख्याध्यापक. सगळी सज्जन माणसं. त्यांनी पदरमोड करून मुलांना श्रवणयंत्रं घेऊन दिली, वसतिगृहाच्या कोठीत ज्वारी भरली, अनुदानासाठी मुंबईला खेटे घातले. त्या ओळीत माझे वडीलही आहेत. शाळा कर्णबधिर मुलांची, आणि तसबिरींतला एकही माणूस कर्णबधिर नाही. हे माझ्या ध्यानात यायला चाळिशी उलटावी लागली. दादा स्वतः कर्णबधिर; त्याला ते शाळेत असतानाच दिसलं होतं.

तेव्हापासून मी कर्णबधिरांसाठी काढलेल्या देशोदेशींच्या संस्थांचा इतिहास मिळेल तसा वाचते आहे. किती शाळा काढल्या, किती यंत्रं वाटली, याच्या याद्या अहवालांत असतातच. सभेला कोण बसत होतं आणि सभा कुणाच्या भाषेत चालत होती, हे मात्र शोधून काढावं लागतं.

शोधायला लागलं की पहिलं गाव लागतं ते मिलान. सप्टेंबर १८८० मध्ये तिथे बहिऱ्यांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधी जमले. त्यांच्यात कर्णबधिर एकच, अमेरिकेतले शिक्षक जेम्स डेनिसन. परिषदेने ठराव केला की शाळांतून खुणांची भाषा मागे सारावी आणि मुलांना ओठ वाचून, तोंडाने बोलून शिकवावं. युरोपातल्या कितीतरी कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. वर्गात हात हलवला म्हणून मुलांना छड्या खाव्या लागल्या. त्याच दशकात मुंबईला माझगावात बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिरांची शाळा काढली. आपल्या देशातली ती पहिली. पुढे आपल्याकडेही बहुतेक शाळांनी वाचेचाच धडा गिरवला. माझ्या दादाने तिसरीत ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक शिकण्यासाठी आपल्या गालाशी आणि बाईंच्या गळ्याशी बोटं लावून जे महिने घालवले, त्यांची मुळं मिलानच्या त्या दालनापर्यंत जातात. त्याच परिषदांच्या परंपरेतल्या व्हँकुव्हरच्या अधिवेशनाने या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला, तो २०१० मध्ये. मधे १३० वर्षं गेली.

इंग्लंडची गोष्ट मला जास्त शिकवून गेली, कारण तिथे सुरुवात कर्णबधिरांनीच केली होती. फ्रान्सिस मॅगिन हे आयर्लंडचे. लहानपणी आजारात त्यांचं ऐकणं गेलं. अमेरिकेत शिकून ते परत आले तेव्हा ब्रिटनमध्ये अंध आणि बहिऱ्यांसाठीच्या रॉयल कमिशनचं काम चालू होतं. १८८९ मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्याने वाचाशिक्षणाचीच बाजू उचलून धरली. आपल्याबद्दलचे निर्णय आपल्याला वगळून होतात हे बघून मॅगिन यांनी पुढाकार घेतला आणि जुलै १८९० मध्ये लीड्स इथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आजची ब्रिटिश डेफ असोसिएशन ती हीच. पण पहिले अध्यक्ष झाले रेव्हरंड स्लाइट. त्यांना ऐकू येत होतं. मॅगिन यांच्या वाट्याला एका विभागाचं उपाध्यक्षपद आलं. स्लाइट यांचे वडील बहिऱ्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, त्यांना या कामाची कळकळ होती, यात शंका नाही. तरीही हा प्रसंग वाचताना माझा हात पान उलटायला धजत नव्हता. ज्याने बी पेरलं त्यालाच खळ्यावर मागे उभं केलं, आणि तेही प्रेमाने.

१९११ मध्ये लंडनमध्ये लिओ बॉन या बँकर गृहस्थांनी बहिऱ्यांच्या कल्याणासाठी राष्ट्रीय मंडळ काढलं. ते स्वतः कर्णबधिर होते. हेच मंडळ पुढे आरएनआयडी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. नावातलं पहिलं अक्षर म्हणजे ‘रॉयल’ ही उपाधी, ती १९६१ ची. संस्थापक कर्णबधिर असूनही या संस्थेला पहिला कर्णबधिर मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला तो १९९५ मध्ये, स्थापनेनंतर ८४ वर्षांनी. डग अल्कर त्यांचं नाव. दोनच वर्षांत ते पायउतार झाले. पुढे त्यांनी पुस्तक लिहिलं. आरएनआयडी या चार अक्षरांचा अर्थ ‘बहिऱ्यांमध्ये खरा रस नसलेली संस्था’ असा लावून त्यांनी त्याला नाव दिलं होतं. त्यानंतर ते कर्णबधिरांच्याच एका संघटनेचं नेतृत्व करू लागले. लंडनच्या रस्त्यांवर खुणांच्या भाषेसाठी मोर्चे निघाले आणि मार्च २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने ब्रिटिश सांकेतिक भाषेला मान्यता दिली. तिचा स्वतंत्र कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं.

पण अल्कर यांच्यानंतरची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. त्यांच्या जागी जेम्स स्ट्रॅकन आले. त्यांनाही ऐकू कमी येत होतं. त्यांच्या काळात संस्थेने सरकारी आरोग्यसेवेशी हातमिळवणी केली आणि जुन्या यंत्रांऐवजी डिजिटल श्रवणयंत्रं मोफत देण्याचं काम २००० पासून टप्प्याटप्प्याने इंग्लंडभर पोचवलं. असंख्य म्हाताऱ्या माणसांना नातवंडांचं बोलणं नीट कळू लागलं. मग प्रश्न उभा राहतो तो असा: कर्णबधिर कुणाला म्हणायचं? जन्मापासून ऐकू न येणारा, खुणांच्या भाषेत वाढलेला मुलगा एकीकडे, आणि साठीनंतर हळूहळू कान जाऊ लागलेल्या आजी दुसरीकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात ४३ कोटींहून अधिक माणसांचं ऐकणं अडचण व्हावी इतकं कमी आहे. त्यातली फार थोडी माणसं खुणांनी बोलतात. आरएनआयडीने २०११ मध्ये आपलं नाव बदलून त्यात ‘श्रवणऱ्हास’ हा शब्द आणला आणि २०२० मध्ये पुन्हा जुनं नाव घेतलं. या फेऱ्यामागे हीच ओढाताण मला दिसते. विश्वस्त मंडळात ‘एक कर्णबधिर’ घेतला की काम झालं असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. त्या एका माणसाला दोन वेगळ्या जगांच्या वतीने बोलायचं असतं.

या दोन जगांच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस म्हणजे जॅक ॲशली. ते मजूर पक्षाचे खासदार होते. १९६७ च्या अखेरीला कानाची शस्त्रक्रिया फसली आणि ते पूर्ण बहिरे झाले. राजीनामा द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. पण पत्नी पॉलिन आणि मित्र पाठीशी राहिले, आणि ते ओठ वाचायला शिकून पुन्हा सभागृहात गेले. पुढे बोललेलं टंकित करून पडद्यावर दाखवणारं यंत्र त्यांच्यासाठी संसदेत आलं. आरएनआयडीचं मानाचं अध्यक्षपद त्यांनी बरीच वर्षं भूषवलं. सभेची रीत एका माणसासाठी बदलता येते, आणि तीही इतक्या जुन्या, परंपरांना चिकटून असलेल्या सभेची, हे ॲशलींमुळे मला कळलं. आपल्या तालुक्याच्या ट्रस्टला ते अवघड का जावं?

आता वॉशिंग्टन. गॅलॉडेट विद्यापीठ कर्णबधिरांसाठीचं. १८६४ मध्ये लिंकन यांनी त्याच्या सनदेवर सही केली. १९८८ पर्यंत तिथे एकही कर्णबधिर अध्यक्ष झाला नव्हता. विश्वस्त मंडळात १७ ऐकू येणारे आणि ४ कर्णबधिर. त्या वर्षी अध्यक्षपदासाठी तीन नावं शेवटपर्यंत आली. हार्वे कॉर्सन आणि किंग जॉर्डन हे दोघे कर्णबधिर. तिसऱ्या एलिझाबेथ झिन्सर; त्यांना ऐकू येत होतं आणि खुणांची भाषा येत नव्हती. ६ मार्चला, रविवारी, मंडळाने झिन्सर यांना निवडलं. विश्वस्तांची बैठक विद्यापीठात नव्हे, शहरातल्या एका हॉटेलात होती. मुलं त्याच रात्री तिथे चालत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यांनी फाटकं अडवली.

त्या सोमवारी मंडळाच्या अध्यक्ष जेन स्पिलमन मुलांशी बोलायला आल्या. त्यांनाही खुणांची भाषा येत नव्हती. तेवढ्यात आगीची घंटा वाजू लागली. या गोंगाटात मला बोलता येत नाही, असं त्या म्हणाल्या. समोरच्या मुलांना कसला गोंगाट? तुम्ही हातांनी बोला, आम्हाला सगळं कळेल, असं मुलांनी त्यांना सांगितलं. हा प्रसंग मी दादाला खुणांनी सांगितला तेव्हा तो बराच वेळ गप्प बसून राहिला.

मुलांच्या मागण्या चार होत्या: कर्णबधिर अध्यक्ष, स्पिलमन यांचा राजीनामा, विश्वस्तांत ५१ टक्के कर्णबधिर, आणि आंदोलकांवर सूड नको. पुढारी विद्यार्थी चौघे होते आणि त्यांची शिस्त बघण्यासारखी होती. जॉर्डन यांनी आधी मंडळाची बाजू घेतली होती, दुसऱ्या दिवशी भूमिका बदलून ते मुलांच्या बाजूला आले. हे मला त्यांच्या मोठेपणाचं वाटतं. झिन्सर यांनी गुरुवारी रात्री माघार घेतली. रविवारी, १३ मार्चला, सगळ्या मागण्या मान्य झाल्या. जॉर्डन अध्यक्ष, आणि फिलिप ब्रेव्हिन विश्वस्त मंडळाचे पहिले कर्णबधिर अध्यक्ष.

चौथी मागणी वगळली तर उरलेल्या तिन्ही विश्वस्तांच्या खोलीबद्दलच्या आहेत. नव्या इमारती, शिष्यवृत्त्या, मेसचं जेवण यांतलं मुलांनी काहीच मागितलं नाही. मुळावर बोट ठेवायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

याच विद्यापीठात २००६ मध्ये पुन्हा आंदोलन पेटलं. या वेळी निवडलेल्या जेन फर्नांडिस स्वतः जन्मतः कर्णबधिर होत्या, पण खुणांची भाषा त्या तरुणपणी शिकल्या होत्या. विरोधामागे अनेक कारणं होती. निवडीच्या पद्धतीवरचा राग हे त्यातलं एक मोठं. ऑक्टोबरच्या अखेरीला मंडळाने निवड मागे घेतली. तेव्हा मंडळात कर्णबधिर विश्वस्त बहुसंख्य झाले होते. म्हणजे खुर्चीवर कर्णबधिर माणूस बसला की विश्वास आपोआप येतो असं नाही. विचारून, दाखवून, समजावून निर्णय घेण्याची सवय मंडळालाच लावून घ्यावी लागते.

१९५१ मध्ये रोममध्ये स्थापन झालेल्या जागतिक बधिर महासंघाचं अध्यक्षपद मात्र पहिल्यापासून कर्णबधिरांच्या हातात राहिलं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात सांकेतिक भाषांचा उल्लेख आला, त्यामागे महासंघाच्या लिसा कौपिनेन यांच्यासारख्या कर्णबधिर स्त्रीचा चिवटपणा होता. भारताने त्या करारावर २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं.

आपल्या देशातली लढाई थेट वांद्र्याशी जोडलेली आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राच्या दिवंगत राज्यपालांचं नाव दिलेली ही संस्था १९८३ पासून श्रवणतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक तयार करते. तिचं काम मोठं आहे. भारतीय सांकेतिक भाषेचं स्वतंत्र केंद्र २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालं, पुढे रखडलं, आणि २०१५ मध्ये ते याच संस्थेत विलीन करण्याचा बेत पुढे आला. देशभरच्या कर्णबधिरांनी विरोध केला. आमची भाषा ही उपचाराची बाब नाही, ती पुनर्वसनाच्या संस्थेच्या पोटात नको, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने केंद्राला स्वतंत्र संस्थेचा दर्जा दिला. तिथे २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा खुणांचा कोश झाला, २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला. एक केंद्र कुणाच्या अखत्यारीत असावं या कारभारापुरत्या वाटणाऱ्या प्रश्नातून हे उभं राहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि आपले ट्रस्ट? महाराष्ट्रात ते १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली चालतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. ज्यांच्यासाठी ट्रस्ट काढला त्यांच्यापैकी कुणी मंडळात असलंच पाहिजे, अशी अट त्या कायद्यात नाही. ते संस्थेच्या घटनेवर आणि माणसांच्या मनावर सोडलेलं आहे. घटनेत तशी एक ओळ घालता येते.

दादाच्या शाळेने ती ओळ घातली. दादा छापखान्यात खिळे जुळवत आयुष्य काढलेला माणूस. निवृत्तीनंतर माजी विद्यार्थी म्हणून त्याला विश्वस्त केलं, नारळ दिला, फोटो काढला. पुढची तीन वर्षं सभेची नोटीस त्याला वेळेवर मिळायची. तो इस्त्रीचे कपडे घालून जायचा, सगळे बोलायचे, तो एकेका तोंडाकडे बघत राहायचा. एका वेळी दोघं बोलले की ओठ वाचणं संपतं. शेवटी चहा आणि सहीसाठी रजिस्टर. घरी आला की मी विचारायची, काय ठरलं? तो खांदे उडवायचा. मला त्या माणसांचा राग येत नाही, त्यांना दादाबद्दल माया होती. राग येतो तो माझा स्वतःचा, कारण मला खुणा येतात आणि तीन वर्षं सोबत जायचं मला सुचलं नाही.

चौथ्या वर्षी संस्थेने सभेसाठी दुभाषा बोलावला. विषयपत्रिका दोन दिवस आधी लेखी दिली. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, असं ठरलं. पहिला तासभर सगळेच अवघडले होते. मग वसतिगृहाच्या दुरुस्तीचा विषय निघाला. आगीच्या घंटेची तार बदलायची होती, सात हजारांचा खर्च. दादाने हात वर केला. ही घंटा कुणासाठी आहे, असं त्याने विचारलं. वॉचमन आणि रेक्टर सोडले तर त्या इमारतीत रात्री झोपणारी सगळी मुलं बहिरी.

त्या दिवशीच्या इतिवृत्तात ठराव आहे: प्रत्येक झोपण्याच्या खोलीत घंटेला जोडलेला लुकलुकणारा दिवा बसवावा, आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी यंत्रं घ्यावीत. सूचकाच्या जागी दादाचं नाव आहे. त्याखालची त्याची सही नेहमीपेक्षा मोठी आली आहे, शेजारच्या रकान्यात शिरलेली.