कला महाविद्यालयाची निवड

बारावीचा निकाल जाहीर झाला, की पुढील शिक्षणाचा प्रश्न गावोगावच्या घरांत उभा राहतो. अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेश परीक्षा, गुणवत्ता यादी आणि प्रवेश फेऱ्या यांची एक ठरीव वाट असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याची स्थिती वेगळी असते. त्याच्यापुढे जवळपासची तीन-चार महाविद्यालये असतात, बहुतेक ठिकाणी प्रवेशही सहज मिळतो आणि निवड सर्वस्वी घरच्यांच्या हाती राहते. ही निवड बहुधा एका दुपारी उरकली जाते. मित्र ज्या महाविद्यालयात जातो ते, एस.टी. जिथे थांबते ते किंवा जिथला अर्ज प्रथम हाती आला ते महाविद्यालय पक्के होते. त्या एका दुपारवर मात्र विद्यार्थ्याची पुढील तीन-चार वर्षे आणि पुष्कळदा त्याच्या उपजीविकेची दिशाही अवलंबून असते. म्हणूनच लहान कला महाविद्यालयांतून निवड कशी करावी, याचा विचार शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी पालकांच्या बरोबरीने करणे अगत्याचे आहे.

महाविद्यालय तालुक्यापर्यंत आले

एकेकाळी असा प्रश्नच उद्भवत नव्हता. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० साली, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली सुरू झाले. ज्याला पदवी हवी, त्याला मोठ्या शहराची वाट धरावी लागे आणि ती वाट परवडणारी घरे थोडी होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली साताऱ्यात महाविद्यालय काढले आणि ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने गरीब मुलांना पदवीचे दार उघडून दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू केले.

विद्यापीठांचा विस्तारही याच दिशेने झाला. मुंबई विद्यापीठ १८५७चे आणि नागपूर विद्यापीठ १९२३चे. त्यानंतर पुणे १९४९, मराठवाडा १९५८, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२, अमरावती १९८३, जळगाव १९९०, नांदेड १९९४, सोलापूर २००४ आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ असा हा क्रम आहे. विद्यापीठ जवळ आले, तसे त्याच्याशी संलग्न महाविद्यालयही तालुक्याच्या गावी आले. ज्या घरातील मुलीला परगावी ठेवणे शक्य नव्हते, त्या घरातही पदवी पोचली. हा लाभ मोठा आहे. पूर्वी महाविद्यालय मिळेल की नाही ही चिंता होती. आज अनेक ठिकाणी प्रश्न निवडीचा आहे.

विषय ही पहिली कसोटी

लहान कला महाविद्यालयाची मर्यादा प्रथम दिसते ती विषयांच्या संख्येत. मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, संस्कृत असा कला शाखेचा परिवार विस्तृत आहे. प्रत्येक विषयास अध्यापक हवा, म्हणून लहान महाविद्यालयास त्यांतील मोजकेच विषय ठेवता येतात. शिवाय एखादा विषय महाविद्यालयात ‘आहे’ या शब्दाचे दोन अर्थ होऊ शकतात. तो पहिल्या दोन वर्षांपुरता जोडविषय म्हणून असू शकतो किंवा पदवीपर्यंत मुख्य विषय म्हणून असू शकतो. माहितीपुस्तिकेत दोहोंचे नाव एकाच यादीत छापलेले असले, तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे.

उदाहरणादाखल एका मुलीची निवड पाहू. समजा, तिला माध्यमिक शाळेत भूगोलाची शिक्षिका व्हावयाचे आहे. तिच्या गावापासून ९ किलोमीटरवर तालुक्याचे महाविद्यालय आहे आणि ३८ किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणचे. जवळच्या महाविद्यालयात भूगोल आहे, असे ऐकून वडिलांनी तिथे नाव घातले. दोन वर्षे सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभी कळले, की तेथे भूगोल मुख्य विषय म्हणून शिकविण्याची सोय नाही. आता तिच्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक, इतिहास किंवा समाजशास्त्र घेऊन पदवी पूर्ण करणे. दुसरा, शेवटच्या वर्षी महाविद्यालय बदलणे. बी.एड.ला अध्यापनाचा विषय सामान्यतः पदवीच्या विषयावरून ठरतो, आणि भूगोलाच्या एम.ए.लाही पदवीचा विषय पाहिला जातो. पहिला मार्ग घेतला तर तिचे मूळ उद्दिष्ट दुरावते. दुसरा घेतला तर जागा, प्रवास आणि नवे वातावरण यांचा भार नेमका परीक्षेच्या वर्षी पडतो. प्रवेशाच्या दिवशी विचारलेल्या एका प्रश्नाने ही अडचण टळली असती : हा विषय पदवीपर्यंत मुख्य विषय म्हणून येथे शिकविला जातो काय?

याच मुलीला मराठी हा विषय घ्यावयाचा असता आणि तालुक्याच्या महाविद्यालयात तो पदवीपर्यंत उत्तम शिकविला जात असता, तर ३८ किलोमीटर दूर जाण्याचे काहीच कारण नव्हते. लहान महाविद्यालय कमी प्रतीचे आणि मोठे महाविद्यालय चांगले, असा सरसकट नियम नाही. आपल्या विद्यार्थ्याला जे हवे, ते तेथे आहे किंवा नाही, हाच खरा निकष होय.

नव्या रचनेतील निवड

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवी रचना लागू झाली. त्यामुळे विषयांचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरला आहे. या रचनेत अभ्यासाचे माप श्रेयांकांनी होते. सर्वसाधारणपणे तात्त्विक अध्यापनाच्या १५ तासांना किंवा प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना १ श्रेयांक असतो. तीन वर्षांच्या पदवीस १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० ते १७६ श्रेयांक लागतात. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर विहित अटी पूर्ण करून अनुक्रमे प्रमाणपत्र वा पदविका घेऊन थांबण्याची आणि पुढे पुन्हा शिक्षण सुरू करण्याची मुभा आहे.

श्रेयांकांचा सर्वांत मोठा वाटा मुख्य विषयाचा असतो. त्याच्या जोडीला दुय्यम विषय, भाषा, कौशल्याचे अभ्यासक्रम आणि कार्यानुभव असतो. खुल्या निवडीचे अभ्यासक्रम मात्र आपल्या शाखेबाहेरचे घ्यावयाचे असतात. ज्या संस्थेत कला शाखेबरोबर वाणिज्य व विज्ञान शाखाही आहेत, तेथे अशा अभ्यासक्रमांस वाव अधिक. केवळ कला शाखा असलेल्या महाविद्यालयाने ही सोय कशी केली आहे, हे विचारून घ्यावे. चौथ्या वर्षाचीही चौकशी करावी. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे असल्याने, चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात आहे किंवा नाही यावर पुढील आखणी अवलंबून राहते.

अध्यापक आणि ग्रंथालय

विषय असला तरी तो शिकविणारा हवा. लहान महाविद्यालयात एका विषयाचा विभाग म्हणजे पुष्कळदा एक किंवा दोन अध्यापक. त्यांतील एक निवृत्त झाला आणि जागा रिक्त राहिली, तर विभागाची घडी विस्कटते. तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक अनेकदा आस्थेने शिकवितात. परंतु त्यांची नेमणूक मर्यादित काळाची असल्याने वर्षारंभी वर्ग वेळेवर सुरू होतात काय, हे पाहणे आवश्यक ठरते. म्हणून निवडलेल्या विषयास पूर्णवेळ अध्यापक किती आणि गेल्या वर्षी त्या विषयाचे वर्ग केव्हा सुरू झाले, हे दोन प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत.

लहान महाविद्यालयाचे बळही येथेच दडलेले असते. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात अध्यापक प्रत्येकास नावाने ओळखतो. सलग चार दिवस न आलेल्या मुलीची चौकशी होते, निबंध तपासून परत मिळतो, वक्तृत्वासाठी किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी बुजऱ्या मुलालाही पुढे आणले जाते. घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयाची पायरी चढत असेल, तर हा जिव्हाळा मोलाचा असतो. मोठ्या महाविद्यालयातील भरगच्च वर्गात असा विद्यार्थी शेवटच्या बाकावर बसून कोणाच्या लक्षात न येता शिक्षण सोडून जाऊ शकतो.

ग्रंथालयाची परीक्षा कपाटांच्या संख्येवरून करू नये. पुस्तक घरी नेता येते काय, वाचनकक्ष दुपारच्या एस.टी.पर्यंत उघडा असतो काय, आपल्या विषयाची अलीकडची पुस्तके आणि नियतकालिके आहेत काय, हे पाहावे. भूगोलासाठी स्थलनिर्देशक नकाशे व सर्वेक्षणाची साधने आणि मानसशास्त्रासाठी प्रयोगसाहित्य ही ग्रंथांइतकीच गरजेची असतात.

मान्यता, अनुदान आणि मूल्यांकन

महाविद्यालयाच्या फलकावर विविध मान्यतांचा उल्लेख असतो. त्यांचा अर्थ समजून घेतला म्हणजे निवड सोपी होते. विद्यापीठाची संलग्नता ही मूळ अट होय, आणि ती आपल्या विषयास व त्या वर्षास लागू असली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम १९५६ मधील कलम २(एफ) म्हणजे आयोगाच्या यादीत समावेश; कलम १२(बी) म्हणजे केंद्रीय साहाय्यास पात्रता. राज्य शासनाचे अनुदान हा निराळा विषय आहे. एकाच महाविद्यालयात एक तुकडी किंवा एक विषय अनुदानित आणि दुसरा विनाअनुदानित असू शकतो, आणि दोहोंच्या शुल्कात फरक पडतो. प्रवेश नेमका कोणत्या तुकडीत मिळत आहे, हे पावती फाडण्यापूर्वी विचारावे.

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद, म्हणजेच नॅक, ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन, भौतिक सुविधा, विद्यार्थी साहाय्य, प्रशासन आणि संस्थात्मक मूल्ये अशा सात निकषांवर तिने महाविद्यालयांना श्रेणी दिल्या. संलग्न महाविद्यालयांसाठी १,००० पैकी ३५० गुण अध्यापन व मूल्यमापनास ठेवण्यात आले होते, यावरून इमारतीपेक्षा वर्गाचे महत्त्व किती हे कळून येईल. श्रेणीऐवजी ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ अशा द्विस्तरीय पद्धतीकडे वळण्याचे परिषदेने २०२४ साली जाहीर केले. जेथे पूर्वीची श्रेणी लिहिलेली असेल, तेथे ती कोणत्या वर्षाची आहे आणि तिची मुदत केव्हापर्यंत आहे, हे पाहावे. महाविद्यालयाने परिषदेस सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल त्याच्या संकेतस्थळावर मिळाल्यास त्यातील अध्यापकांची व ग्रंथालयाची माहिती शिक्षकांनी विद्यार्थ्यांस वाचून दाखवावी.

अंतर आणि खर्च

ग्रामीण भागातील मुलींच्या बाबतीत अंतर हा अनेकदा निर्णायक मुद्दा ठरतो. अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास बारावीपर्यंतच्या विद्यार्थिनींसाठी आहे. पदवीच्या वर्गात सवलतीचा पास मिळतो. पण प्रवासखर्चाची रक्कम कुटुंबाला प्रथमच जाणवते ती याच वेळी. खर्चाइतकीच वेळही महत्त्वाची. पहिला तास साडेसातचा आणि पहिली गाडी आठची असेल, तर सवलतीच्या पासाचा उपयोग काय? परीक्षेस बसण्यासाठी साधारणतः ७५ टक्के उपस्थितीची अट असते, ही गोष्ट वेळापत्रक पाहताना विसरता कामा नये.

दूरचे महाविद्यालय अटळ असेल, तर निवासाची सोय आधी पाहावी. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांची शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी अनुक्रमे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहेत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते निकालापूर्वीच तयार ठेवले, तर ऐन वेळची धावपळ वाचते.

गावाची जबाबदारी

या साऱ्या चौकशीस फार मोठा खटाटोप लागत नाही. प्रवेशापूर्वी एखाद्या साध्या कामकाजाच्या दिवशी विद्यार्थी व पालक यांनी महाविद्यालयात जाऊन दोन तास घालविले, तर पुष्कळ उलगडा होतो. वर्ग भरलेले आहेत काय, ग्रंथालयात मुले बसली आहेत काय, मुलींसाठी स्वच्छतागृह व विश्रांतिकक्ष आहे काय, हे डोळ्यांनीच दिसते. तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी केलेले संभाषण माहितीपुस्तिकेतून न मिळणारी माहिती देते.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी बारावीच्या वर्षीच परिसरातील महाविद्यालयांचा एक साधा तक्ता भिंतीवर लावावा. कोठे कोणता विषय पदवीपर्यंत आहे, अध्यापक किती, वसतिगृह आहे काय आणि गाडी केव्हा, एवढे त्यात असले तरी पुरे. ग्रामपंचायत सदस्यांना एस.टी. आगाराकडे महाविद्यालयाच्या वेळेनुसार फेरीची मागणी करता येईल. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि तीत स्थानिक व्यक्तींना व माजी विद्यार्थ्यांना स्थान आहे. रिक्त जागा, बंद पडलेला विषय, लवकर मिटणारे ग्रंथालय या बाबी तेथे मांडता येतात.

तालुक्याच्या गावी महाविद्यालय आणण्यासाठी एका पिढीने वर्गणी काढली, जमीन दिली, खस्ता खाल्ल्या. आपल्या मुलामुलींना तेथे डोळसपणे पाठविणे आणि जे कमी असेल ते मागून घेणे, हे पुढील पिढीचे काम आहे. भूगोलाची शिक्षिका होऊ इच्छिणारी मुलगी तिसऱ्या वर्षी वाटेत अडू नये, यासाठी तिला प्रवेशाच्या आधी कोणीतरी योग्य प्रश्न सांगितला पाहिजे. तो सांगणारे माणूस तिच्या गावातच असावे.