परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचे आरोग्य

समाजातला एखादा मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठी परदेशी निघाली की साऱ्या वस्तीला आनंद होतो. सत्कार होतो, पुष्पगुच्छ दिले जातात आणि बोलायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेचा दाखला देतो. तो दाखला योग्यच आहे. 1913 साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, 1916 मध्ये लंडनला पोहोचले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा गेले आणि अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास पुरा केला.

परंतु सत्कार स्वीकारणारा विद्यार्थी हा दाखला मनात कसा घेऊन जातो, याचा विचार आपण क्वचितच करतो. ‘बाबासाहेब उपाशीपोटी शिकले आणि मी साध्या तापाने खचतो!’ असे त्याला वाटू लागले, तर तो आजार सांगत नाही, लपवतो. या लपवलेल्या आजाराविषयी आम्हाला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आम्ही बँकेत कारकून आहोत. मुलांना पैसे पाठवण्यासाठी पालक आमच्या काउंटरवर येतात. पौंडाचा भाव काय, डॉलर कितीला, हे विचारतात. मुलाची तब्येत कशी आहे असे आम्ही विचारले की ‘मजेत आहे’ एवढेच उत्तर मिळते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने मात्र दोन महिने रात्रीची झोप नाही, जेवण जात नाही, वर्गात जाववत नाही, हे घरी कळू दिले नव्हते. डॉक्टरकडे गेले तर नोंद होईल आणि शिष्यवृत्ती बंद होईल, अशी तिची समजूत होती. ती समजूत चुकीची होती. पण तिला तसे सांगणारे कोणी नव्हते.

परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे आजारपण महाराष्ट्राला नवीन नाही. आनंदीबाई जोशी 1883 साली, वयाच्या 18 व्या वर्षी, वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथली थंडी आणि अपुरा आहार यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. 1886 च्या मार्चमध्ये त्यांनी पदवी घेतली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने पुण्यात त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांना 22 वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. आज औषध आहे, दवाखाना आहे, विमा आहे. आज मुलाचे नुकसान होते ते बहुधा दोन कारणांनी: माहिती नसते, किंवा लाज वाटते.

प्रथम माहितीचे पाहू. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे यांच्याबरोबर आरोग्य विम्याचाही समावेश असतो. मंजुरीचे पत्र हाती आले की विम्याचा तपशील त्याच वेळी विचारून घ्यावा. कर्ज काढून जाणाऱ्यांनी विम्याची रक्कम कर्जाच्या अंदाजपत्रकातच धरावी. मागाहून ती रक्कम उभी करणे जड जाते, हे आम्ही रोज पाहतो.

देशोदेशीच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळ शिकायला जाणाऱ्याला व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यासाठी तो 2024 पासून वर्षाला 776 पौंड आहे. अधिभार भरला की तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरची तपासणी आणि रुग्णालयातील उपचार यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीला, दातांना आणि चष्म्याला मात्र पैसे पडतात. उत्पन्न कमी असल्यास त्यातही सवलतीसाठी अर्ज करता येतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे आपल्याकडच्यासारखे थेट मोठ्या डॉक्टरकडे जाता येत नाही. राहत्या भागातील दवाखान्यात आधी नाव नोंदवावे लागते आणि पुढची वाट तिथूनच निघते. हे नाव पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात, अंगात ताप नसताना, नोंदवावे. तातडीचा सल्ला 111 या क्रमांकावर मिळतो, जिवावरचा प्रसंग असेल तर 999.

अमेरिकेत सरकारी दवाखान्याचा असा आधार नाही. बहुतेक विद्यापीठे विम्याची सक्ती करतात. विमा आहे म्हणजे सर्व फुकट, असे मात्र समजू नये. आधी ठरावीक रक्कम स्वतः भरावी लागते, तिला डिडक्टिबल म्हणतात. दर भेटीला थोडी रक्कम द्यावी लागते, ती को-पे. विमा कंपनीच्या यादीबाहेरच्या डॉक्टरकडे गेल्यास बिल फार मोठे येऊ शकते. म्हणून साध्या दुखण्याला विद्यापीठाच्या स्वतःच्या आरोग्य केंद्रात जावे. जिवावर बेतले असता मात्र पैशाचा विचार न करता 911 फिरवावा. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाने पैसे नसलेल्यालाही तपासलेच पाहिजे, असा तिथे 1986 पासून कायदा आहे. बिल नंतर येते आणि ते कमी करून मागता येते.

जर्मनीत विम्याचा पुरावा दिल्याशिवाय विद्यापीठात प्रवेश पक्का होत नाही. 30 वर्षांखालील विद्यार्थ्यांना तेथील सार्वजनिक विमा सवलतीत मिळतो, आणि तातडीचा क्रमांक 112. ऑस्ट्रेलियात संपूर्ण मुक्कामाचा विमा ही व्हिसाचीच अट असून तातडीचा क्रमांक 000 आहे.

निघण्यापूर्वी इथे दात आणि डोळे तपासून घ्यावेत. लसींची कागदपत्रे सोबत न्यावीत. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ठेवावीत, आणि ते औषध त्या देशात नेण्यास परवानगी आहे ना, हेही पाहावे.

आता मनाच्या आजाराकडे वळू. तिथे गेल्यावर भाषा वेगळी, जेवण वेगळे. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. आपल्या मुलांवर आणखी एक ओझे असते. ती घरातली पहिली शिकलेली पिढी असते, आणि तिथे भेटणारा एखादा भारतीय आडनाव विचारून अंतर ठेवू लागला तर ती कुणाकडे बोलणार? तिथल्या काही संस्थांनी हे ओळखले आहे. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने 2022 मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला. तेव्हा अशी वागणूक मिळाल्यास विद्यापीठाकडे बोलावे, मनात कुढू नये.

बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतात आणि निदान पहिल्या काही भेटी विनामूल्य असतात. तिथे बोललेले सामान्यतः गुप्त राहते. जिवाला धोका असल्याखेरीज आईवडिलांना किंवा शिक्षकांना ते कळवले जात नाही. आजारामुळे अभ्यास झेपत नसेल तर वर्ग सोडण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जावे. अमेरिकेत डॉक्टरांच्या पत्रावर आणि त्या कार्यालयाच्या पूर्वपरवानगीने अभ्यासाचा भार कमी करून घेता येतो व व्हिसाही टिकतो. न सांगता गैरहजर राहिले तर व्हिसा जाण्याची भीती खरी ठरते. जगणे नको असे वाटू लागले तर अमेरिकेत आणि कॅनडात 988, ब्रिटनमध्ये 116 123 हे क्रमांक रात्रंदिवस चालू असतात.

पालकांनीही काही गोष्टी पाहाव्यात. फोन आखूड होऊ लागला, वेळी-अवेळी येऊ लागला, जेवणाचे विचारले की मूल विषय बदलू लागले, तर ‘परीक्षा कधी?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘झोप लागते का?’ असे विचारावे. ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य त्या वेळी तरी तोंडातून काढू नये. पालकांना स्वतःला काही सुचेनासे झाले तर 14416 या क्रमांकावर 2022 पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेलिमानस सेवेत मराठीतही सल्ला मिळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

आपल्या संस्थेपुरती आमची एक सूचना आहे. यापुढे ज्यांचा सत्कार होईल, त्यांच्या हाती पुष्पगुच्छाबरोबर वरील क्रमांकांचा एक कागद द्यावा. पूर्वी परदेशी राहून आलेल्या एखाद्या सभासदाने दर महिन्याला त्यांना फोन करण्याची जबाबदारी घ्यावी. आणि भाषण करणाऱ्याने शेवटी एवढे जरूर सांगावे: बाबासाहेब उपाशी राहिले ते आपली मुले उपाशी राहू नयेत म्हणून. बाळा, आजारी पडलास तर सांग. एक वर्ष वाया गेले तरी चालेल, तू परत ये.