रंगमंचावरून पडद्याकडे

प्रयोग चित्रित करून नेटवर टाकला की नाटक ऑनलाइन झालं, असा आपला समज असतो. आम्ही नांदेडच्या काही हौशी मंडळींनीही तेच केलं. शेवटच्या रांगेमागे कॅमेरा उभा केला आणि टाळ्या घेतलेलं आमचं नाटक टिपलं. घरी पाहिलं, तर संवाद घुमत होते आणि चेहरे ओळखू येत नव्हते. शेजारचे काका दहाव्या मिनिटाला उठून गेले.

चूक कुठे झाली? नाट्यगृहात कुणाकडे पाहायचं, हे प्रेक्षक स्वतः ठरवतो. पडद्यावर ते कॅमेऱ्याला ठरवावं लागतं. मागच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून लावलेला आवाज जवळच्या माइकवर ओरडल्यासारखा वाटतो. हशासाठी घेतलेला थांबा घरात नुसताच रिकामा राहतो.

टाळेबंदीत नाट्यगृहांना कुलपं होती, तेव्हा जुलै 2020 मध्ये हृषीकेश जोशी यांनी तेजस रानडे लिखित ‘मोगरा’ नेटवरून थेट सादर केलं. वंदना गुप्ते, स्पृहा जोशी आदी अभिनेत्री आपापल्या घरातून भूमिका करत होत्या. या प्रकाराला त्यांनी ‘नेटक’ असं नाव दिलं. ते नेटसाठीच बसवलेलं होतं, हे महत्त्वाचं. आधी माध्यम ठरलं, मग त्याप्रमाणे नाटक उभं राहिलं.

रंगमंचावरचं नाटक नेटवर नेतानाही हेच करावं लागतं. कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक यांना चित्रीकरणाच्या दिवशी नव्हे, तालमीपासूनच बोलवायला हवं. कुठला प्रवेश जवळून दाखवायचा, कुठला संवाद कुजबुजीत घ्यायचा, हे दिग्दर्शकानं त्यांच्यासोबत बसून ठरवावं. ते भाड्यानं आणलेले कारागीर नसून निर्मितीतले भागीदार असतात.

दुसरी भागीदारी कागदावरची. प्रयोगाची परवानगी म्हणजे चित्रित करून नेटवर दाखवण्याची परवानगी नव्हे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना लेखी करार लागतो. त्यात माध्यम, मुदत आणि मानधन स्पष्ट लिहावं. मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. लेखकाला विश्वासात घेतलं, तर कापाकापीही तोच नेमकी सुचवतो.

मराठवाड्यात मोठ्या नाटकांचे दौरे कमीच येतात आणि आपली नाटकं तर बाहेर जातच नाहीत. नेटमुळे ती पुण्या-मुंबईच्या घरांत पोचू शकतील. पण तिथल्या काकांनी दहाव्या मिनिटाला उठू नये असं वाटत असेल, तर पुढच्या तालमीत एक खुर्ची कॅमेरामनसाठी राखून ठेवा.